पावसाळ्याआधी महिन्याभराचं सामान भरून ठेवायचंय, कसं ठेवू?

तिसरा_माळा (फोंडा)
घरात आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबांना मधुमेह आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती आणि आमच्या डब्यात दोन वाट्या तांदूळ होते. ते दिवस मी विसरलेलो नाही. ऑनलाइन पंचवीस वर्षं टिकणारी पाकिटं मिळतात, पण परवडत नाहीत. गेल्या पावसाळ्यात दहा किलो तांदूळ भरले, तर ऑगस्टात जाळी आणि सोंडे निघाले. काय चुकलं?

सत्तरीची_काकी
बाळा, ती पाकिटं राहू दे. आपल्याकडे गोव्यात ह्यालाच पुरुमेंत म्हणतात, पोर्तुगीजांच्या ‘प्रोविमेंतो’वरून आलेला शब्द. पावसात वाटा बंद व्हायच्या, म्हणून मे महिन्यातच घर भरून ठेवायचं.

तांदूळ उकडे घे. दाणा टणक असतो, कीड त्यात सहजी शिरत नाही. दोन दिवस कडक ऊन दे. आणि खरी गोष्ट पुढे आहे: ऊन दिलेले तांदूळ गरम असताना डब्यात भरायचे नाहीत. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ते केलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी झाकण उलटं करून दाखवलं, आतून थेंब धरले होते. तेवढ्या ओलीवर बुरशी येते. रात्रभर सुपात निवू दे, मग भर. एक मोठा डबा नको, पाच-पाच किलोचे घे. एक उघडलास तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. दिवसाला पाऊण किलो धर, महिन्याला तेवीस किलोंच्या आसपास लागतील.

बाबांसाठी नाचणी, मूग, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), कुळीथ ठेव. कुळथाचं पीठ असेल तर थोड्याशा गॅसवर पिठी, म्हणजे पातळ पिठलं, होते. तुरीला एरंडेलाचा हात फिरव. सोलां (आमसुलं), चिंच, मीठ बरणीत. खारं (खारवलेलं मासं) आणि सुकी सुंगटं (कोळंबी) ठेवशील तर पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी पुन्हा उन्हात घाल, आणि रांधण्याआधी भिजवून खारटपणा काढ.

फ्रीजरवर मात्र विसंबू नकोस. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीचे ट्रॉलर बंद, म्हणून मी मे २०२१ मध्ये पाच किलो इसवण (सुरमई) तुकडे करून ठेवलं होतं. तौक्ते वादळ आलं, चार दिवस वीज नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर खालच्या खणात लालसर पाणी साचलेलं. सगळं माडाच्या मुळाशी पुरलं. सुकं मात्र माळ्यावर होतं, तेच आम्हाला पुरलं.

आणि त्या चार दिवसांत अडलं ते पाण्यापाशी. विहीर भरलेली, पण पंप बंद. जुनी कळशी आणि राजू (पाणी ओढायचा दोर) शोधायला सकाळ गेली. तुझी टाकीसुद्धा विजेवरच भरते ना? पिण्या-रांधण्याला दिवसाला माणशी तीन लिटर धर, चौघांना पाच दिवसांचे साठ लिटर.

डिचोलीकर
काकींशी सहमत. एकच सांगतो, मधुमेहाच्या घरात साखर ठेवावीच. जेवणाची वेळ चुकली आणि औषध घेतलेलं असलं तर रक्तातली साखर खाली जाते, तेव्हा लगेच ग्लुकोज किंवा साखरपाणी लागतं. बाबा इन्सुलिन घेत असतील तर वीज नसताना ते कसं ठेवायचं हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.

भिरंड_सोल
जे रोज खाता तेच जास्त घ्या आणि जुनं आधी संपवा. मी डब्याला चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख लिहिते. मुलीसाठी चुरमुरे, पोहे आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा, चूल नसली तरी पोट भरतं.

तिसरा_माळा
काकी, मनापासून आभार. तांदूळ मी उन्हातून आणून थेट डब्यातच ओतले होते. ह्या रविवारी गच्चीवर घालतो. पाण्याचे तीन कॅन आजच सांगितले. ताडपत्रीवर पसरले तर चालेल ना?

सत्तरीची_काकी
ताडपत्रीवर नको, खालून वाफ धरते. जुनं सुती लुगडं अंथर, आणि चार वाजायच्या आत उचल. त्यानंतर हवेत ओल चढते.