मदत हवी आहे : छातीत दुखतं, ईसीजी नॉर्मल, पुढची तपासणी कोणती?

बाबांच्या (वय ६४, नागपूर) छातीत महिनाभरापासून डाव्या बाजूला दुखतं. बरगडी छातीच्या मधल्या हाडाला जुळते तिथे बोटाने दाबलं की नेमकं तेच दुखणं उठतं. कूस बदलताना, खोकताना वाढतं. जिना चढून वाढत नाही. घाम, धाप, हाताकडे कळ काहीच नाही. तसं झालं तर १०८ ला फोन करायचा हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

इमर्जन्सीत ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) झालं, दोन्ही नॉर्मल. नंतर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), तोही ठीक. अ‍ॅसिडिटी समजून पॅन्टोप्राझोल दिलं, काडीचा फरक नाही. आता डॉक्टर म्हणतात, बरगडीच्या कूर्चेची (हाडांना जोडणाऱ्या मऊ भागाची) सूज असावी.

मला पटतंही, पण बाबांना जुनी शुगर आहे आणि शुगरवाल्यांना हृदयाचं दुखणं नेहमीसारखं जाणवेलच असं नसतं, म्हणून जिवाला चैन नाही. गुडघ्यांमुळे टीएमटीच्या (चालवून ईसीजी काढतात ती तपासणी) पट्ट्यावर चालणं जमणार नाही. क्रिएटिनिन १.८, म्हणजे किडनी थोडी कमजोर, त्यामुळे सीटी अँजिओत (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) शिरेतून देतात त्या डायची भीती आणि सूज उतरवणाऱ्या पेनकिलरही बंद. सध्या फक्त शेक आणि पॅरासिटामॉल.

अशा पेशंटला औषधाने हृदयाचे ठोके वाढवून करतात तो स्ट्रेस इको की थॅलियम स्कॅन (हृदयाला रक्त नीट पोचतं का ते दाखवणारा), डॉक्टरांकडे कशाचा विषय काढावा? आणि इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात यातलं काय होतं, अलीकडे कोणी करून घेतलंय का?