मदत हवी आहे : चिनी सुलेखनासाठी कागद कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. घरच्या घरी चिनी सुलेखन शिकतेय. ब्रश, शाईची कांडी आणि ती उगाळायला सहाणेसारखा दगड, सगळं जमवलंय. घोडं अडलंय ते कागदापाशी. साध्या शुआन कागदावर (हा सुलेखनाचा पारंपरिक चिनी कागद) ब्रश जरा रेंगाळला की शाई फुटते, आडव्या रेघेच्या टोकाला डाग उमटतो. पाणी कमी केलं तर रेघ मध्येच तुटते. तुरटी लावलेल्या शुआनवर शाई पसरत नाही, पण सुरुवातच त्यावर केली तर हाताला वाईट सवय लागेल का?

दुसरं, कायशू म्हणजे सुटी, ठाशीव लिपी गिरवताना नमुना कुणाचा घेऊ? थांग काळातल्या दोन सुलेखनकारांपैकी ओउयांग श्युनची अक्षरं कडक शिस्तीची, यान चनछिंगची भरदार. माझा ओढा यानकडे. पुतण्याच्या मृत्यूनंतर त्याने ७५८ साली लिहिलेला शोकलेखाचा मसुदा पाहिल्यापासून तर जास्तच. खाडाखोड, ब्रश कोरडा पडत गेलेल्या ओळी, सगळं तसंच, आणि तरीही (की म्हणूनच?) तो सुलेखनातला मानाचा नमुना! अर्थात ती शिंगशू, धावती लिपी. इतक्यात तिच्या वाटेला जाणार नाही.

पुण्यात कुणी शिकवतं का? ऑनलाइनही चालेल.