मदत हवी आहे: डर्ट बाइकखाली थेंब कुठेच नाही, तरी कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) संपतंय आणि इंजिन उकळतंय

चिखलफेक
अर्ध्या तासात ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ येते. थंड झाल्यावर झाकण काढलं की रेडिएटरच्या आतल्या नळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. दर वेळी २०० ते ३०० मिली घालावं लागतं. जमिनीवर एक थेंब नाही. झाकण नवं घातलं, होजचे क्लॅम्प आवळले, कुलंट बदललं, फरक शून्य. रविवारी गाडी हवी आहे. वॉटर पंप बदलून टाकू का? लवकर सांगा.

ओ-रिंग
टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? पंखा आहे का? चालवता कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही. मोटोक्रॉसच्या बहुतेक गाड्यांना ना पंखा, ना कुलंट परत ओढणारी टाकी. पहिल्या गिअरमध्ये क्लच घासत दगडी चढ चढलात तर ठणठणीत इंजिनही उकळून कुलंट बाहेर टाकेल. तो बिघाड नव्हे.

जुना कार्ब्युरेटर
मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मेन जेट दोन नंबर मोठा घाला, पायलट जेट साफ करा. तापण्याच्या दहा तक्रारींतल्या सात तिथेच सुटतात.

चिखलफेक
२५० फोर-स्ट्रोक, मोटोक्रॉस. पंखा नाही. मोकळ्या ट्रॅकवरही तापते, म्हणून तर विचारतोय. मागच्या मोसमात याच ट्रॅकवर काही त्रास नव्हता.
@जुना कार्ब्युरेटर, गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे, कार्ब्युरेटर आणि जेट नाहीतच.

जुना कार्ब्युरेटर
मग इंजेक्टर साफ करा. मुद्दा तोच.

फुल थ्रॉटल
सरळ १.८ बार दाबाला उघडणारं झाकण घाला. मूळचं १.१ चं असतं. उकळणं बंद.

फीलर गेज
झाकण बदलून उष्णता कमी होत नाही हो, फक्त उकळण्याची वेळ पुढे ढकलली जाते. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असलेलं कुलंट उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बारला १३० च्या जवळपास. १.८ ला आणखी दहाएक अंश मिळतील, पण तोच जादा दाब होज, रेडिएटरचे सांधे आणि पंपाचं सील यांच्यावरही येणार. कुलंट जातंय कुठे ते कळायच्या आत दाब वाढवणं म्हणजे गळका पाइप दाबून धरणं.

फुल थ्रॉटल
रेसवाले काय उगाच वापरतात?

फीलर गेज
सगळं सुस्थितीत असलेल्या इंजिनावर वापरतात. इथे दोन्ही रेडिएटर मिळून लिटरभर कुलंट बसत असेल, त्यातलं पाव लिटर एका फेरीत गायब होतंय.

ओ-रिंग
पंपाबद्दल. पंपाच्या घराखाली एक बारीक भोक असतं. आत शाफ्टवर दोन सील: एक कुलंटच्या बाजूला, एक ऑइलच्या, आणि भोक त्या दोघांच्या मध्ये. तिथून कुलंट ठिबकलं तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल ठिबकलं तर ऑइलकडचं. भोक कोरडं असेल तर आधी तारेने टोचून पाहा, चिखलाने बुजलेलं असतं. बुजलं की कुलंट ऑइलमध्ये उतरायला वाट मिळते. आणि नुसतं सील बदलू नका. शाफ्टवरून नख फिरवा, खाच लागली तर शाफ्टही नवा, नाहीतर नवं सील महिनाभरात पुन्हा गळेल.

चिखलफेक
भोक मोकळं आणि कोरडं. ऑइल स्वच्छ आहे, कुलंट मिसळून दुधाळ झालेलं नाही. म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) ठीक आहे ना?

सायलेन्सर
ऑइल स्वच्छ असेल तर गॅस्केट ठीकच. रेडिएटरच्या पाकळ्या बघा, प्रेशर वॉशरने आडव्या झाल्या असतील.

टॉर्क रेंच
पाकळ्या जरूर बघा, पण पहिलं वाक्य चूक आहे. गॅस्केट नेहमी ऑइलच्या वाटेनेच फुटत नाही. सिलिंडर आणि पाण्याचं जॅकेट (सिलिंडरभोवती कुलंट फिरायची पोकळी) यांच्यामध्ये फुटलं तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. ज्वलनाचा दाब कुलंटच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तो वायू जॅकेटमध्ये घुसतो, झाकण उचलतो आणि कुलंट नळीतून बाहेर ढकलतो. चालत्या गाडीवर ते वाऱ्यावर उडून जातं, म्हणून जमिनीवर थेंब नाही.
एक विचारतो: हेड अलीकडे उघडलं होतं का?

चिखलफेक
हो, गेल्या महिन्यात पिस्टन आणि रिंगा बदलल्या. पण सगळं नीट बसवलं होतं.

ओ-रिंग
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, राव!

टॉर्क रेंच
गॅस्केट नवं की जुनंच? बोल्ट कशाने आवळले?

चिखलफेक
जुनं चांगलं दिसत होतं. साध्या पान्याने, हाताच्या अंदाजाने.

बिनपाण्याचा
या सगळ्यावर एकच उपाय, बिनपाण्याचं कुलंट. १८० अंशांपर्यंत उकळत नाही, दाब जवळजवळ तयारच होत नाही.

फीलर गेज
ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे उकळलं नाही तरी हेड जास्तच तापतं. शिवाय गॅस्केट फुटलेलं असेल तर महागडं कुलंट नळीतून जाईल, एवढाच फरक.

टॉर्क रेंच
@चिखलफेक, पंप मागवायच्या आधी ही तपासणी करा. इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना झाकणाला हात लावू नका, दाबाखालचं कुलंट तोंडावर येतं.
झाकण काढून काठोकाठ भरा आणि इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटात चार बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा, ती संपते. बुडबुडे थांबतच नसतील आणि थ्रॉटल दिला की वाढत असतील तर तो सिलिंडरमधला वायू. खात्रीसाठी ज्वलनवायू ओळखणारं निळं द्रावण मिळतं. त्याची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची, द्रावण पिवळं झालं की निकाल लागला. मात्र पातळी दोन बोटं खाली आणून मगच धरा, कुलंट आत ओढलं गेलं तर द्रावण वाया.
रेडिएटरला हवेचा पंप लावून १.१ बारवर १५ मिनिटं काटा स्थिर राहिला तरी गॅस्केटला क्लीन चिट देऊ नका. फट कधीकधी ज्वलनाच्या दाबानेच उघडते, १ बारला बंद असते.

सायलेन्सर
गळती बुजवणारी स्टॉप लीक पावडर टाकून रविवार काढता येईल की.

ओ-रिंग
आणि सोमवारी रेडिएटर फेकता येईल. त्याच्या नळ्या किती बारीक असतात बघितलंत का?

चिखलफेक
केलं. बुडबुडे थांबत नाहीत, थ्रॉटलला उसळी मारतात. द्रावण पिवळं. हेड काढलं तर गॅस्केटवर एक्झॉस्टच्या बाजूला काळी रेघ, थेट पाण्याच्या भोकापर्यंत. हेडवर सरळ पट्टी ठेवून पाहिलं, मधल्या फटीत ०.०८ मिमीची फीलर पाती (फट मोजायची पातळ पाती) जाते. नवं गॅस्केट घालून आवळू का?

फीलर गेज
नाही. हेड वाकलंय. वाकण्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक ठिकाणी ०.०५ मिमी असते. एका दिशेने नको, कर्णांवरही मोजा, आणि सिलिंडरचा माथाही. हेड मशीन शॉपमध्ये द्या, लागेल तेवढंच कमीत कमी काढायला सांगा. जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. घरी काचेवर पॉलिश पेपरने घासणार असाल तर व्हॉल्व्ह काढून, आणि नंतर धूळ पूर्ण धुऊन.

टॉर्क रेंच
बसवताना: अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट एकदाच वापरायचं, दिसायला कितीही चांगलं असो. एकदा दबलं की दबलं. बोल्टांच्या भोकांत कुलंट किंवा ऑइल साचलेलं असेल तर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) खोटा आकडा दाखवतो, तेव्हा भोकं कोरडी करा. आट्यांना ऑइल लावायचं की नाही, आणि टॉर्क किती, हे दोन्ही मॅन्युअलप्रमाणे. आडव्यातिडव्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत.
भरताना पुढचं चाक उचलून ठेवा, होज दाबत राहा, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर उघडा. पहिल्या फेरीनंतर गार झाल्यावर पातळी थोडी उतरेल, तेवढी भरा. दुसऱ्यांदा उतरली तर पुन्हा लिहा.

ओ-रिंग
अवांतर: काढलेलं कुलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात, आणि थोडंसंही जिवावर बेततं.

चिखलफेक
हेड मशीन शॉपला दिलं. रविवार गेला. टॉर्क रेंच कोणत्या रेंजचा घेऊ?

टॉर्क रेंच
हेडसाठी १० ते ६० न्यूटन मीटर. छोट्या ६ मिमी बोल्टांना तो वापरू नका, त्यांना १० च्या आसपास लागतं आणि रेंजच्या अगदी खालच्या टोकाला रेंच भरवशाचा नसतो. त्यांच्यासाठी वेगळा छोटा घ्या.

जुना कार्ब्युरेटर
इंजेक्टर साफ केला का पण?