नागपुरात बस्टर कीटन दाखवायचा आहे: कोणते चित्रपट, कोणती प्रत, कोणता वेग?

संत्रानगरी
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या सभागृहात ४ ऑक्टोबरला, म्हणजे अमेरिकी मूकपटांतला विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटनच्या जन्मदिवशी, त्याचे मूकपट दाखवायचं ठरवून राहिलो आहोत. ६० खुर्च्या, साधा प्रोजेक्टर, पांढरा पडदा. आठवी-नववीची मुलं, त्यांचे आईवडील आणि काही निवृत्त मंडळी येतील. चॅप्लिन सगळ्यांना माहीत आहे, कीटन बहुतेकांना नावानेही नाही. तर (१) सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी? सगळे ‘द जनरल’च सुचवून राहिले. (२) इंटरनेटवर एकाच चित्रपटाच्या पाच-सहा प्रती दिसतात, कोणाची लांबी ६७ मिनिटं तर कोणाची ७८. खरी कोणती? (३) दहा मिनिटांत त्याची माहिती सांगायची आहे. “बोलपट आले आणि कीटन संपला” असं लिहिलंय, ते बरोबर आहे का?

रीळवाला
पहिल्याच संध्याकाळी ‘द जनरल’ लावू नका. चित्रपट मोठा आहे, पण त्यातली गंमत समजायला कीटनची रीत आधी अंगवळणी पडावी लागते. आधी ‘वन वीक’ (१९२०) लावा. दोन रिळांचा, साधारण २५ मिनिटांचा. नवं जोडपं सुट्या भागांचं घर विकत आणतं, कोणीतरी खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो, आणि घर वाकडंतिकडं उभं राहतं. एकही पाटी (दृश्यांच्या मधे येणारा लिखित मजकूर) वाचली नाही तरी आठवीतल्या मुलाला सगळं कळतं. मग दहा मिनिटं मध्यंतर, आणि ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४), तो ४५ मिनिटांच्या आसपास आहे. एकूण दीड तासात मंडळी मोकळी. ‘द जनरल’ दुसऱ्या दिवशी, एकटा.

लांबीचा घोळ वेगामुळे होतो. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, असतात. १००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींनी चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंद चालतं, १८ ने चालवलं तर १४ मिनिटं ४९ सेकंद. म्हणजे एकही दृश्य न कापता लांबीत इतका फरक पडतो. त्यातही तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, आणि पाठलागाच्या दृश्यात कॅमेरामन मुद्दाम हात हळू ठेवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं जास्त चपळ दिसतात. त्यामुळे “माणूस खऱ्यासारखा चालला पाहिजे” म्हणून चित्रपट हळू करू नका. कीटनचं पडणं, थांबणं, वळून बघणं हे सगळं त्या वेगाच्या हिशेबाने बसवलेलं आहे. हळू केलं की विनोद सपाट होतो.

प्रत निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, पाट्यांवरची अक्षरं मध्यभागी आहेत की डावीकडे कापलेली. मूकपटाची चौकट फिल्मच्या पूर्ण रुंदीभर असायची. पुढे त्याच फिल्मवर आवाजाची पट्टी बसवून प्रती काढल्या गेल्या तेव्हा डावी कड खाल्ली गेली. तशी प्रत असेल तर चौकटीच्या कडेला उभा केलेला माणूसच दिसत नाही, आणि कीटन नेमका कडेचाच वापर करतो. दुसरी गोष्ट, हालचालीतले झटके. १८ चौकटींचा चित्रपट २४ वर आणताना दर तिसरी चौकट दोनदा दाखवतात. कॅमेरा फिरला किंवा आगगाडी गेली की ते डोळ्याला खटकतं. तिसरी, चित्राचा आकार. चार बाय तीनच ठेवा, सोळा बाय नऊवर ताणू नका. टीव्ही किंवा प्रोजेक्टरमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा.

मोतीबाग
‘द जनरल’चं आपल्याकडे एक खास निमित्त आहे. मुलांना चित्रपटाच्या आधी मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नेऊन आणा आणि जुन्या वाफेच्या इंजिनाचा साइड रॉड दाखवा, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणारा आडवा दांडा. सातपुड्यातल्या लहान गाडीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर होता, चित्रपटातलं इंजिन त्याहून बरंच मोठं, पण यंत्र तेच.

आता त्या प्रसंगाकडे बघा. इंजिन ड्रायव्हर जॉनी (कीटन) उदास होऊन त्या दांड्यावर बसतो. विचारात इतका गढलेला की इंजिन चालू झाल्याचं त्याला कळत नाही. दांडा त्याला उचलतो, पुढे नेतो, खाली आणतो, पुन्हा उचलतो. दांडा स्वतः कलत नाही, कारण त्याची दोन्ही टोकं चाकांवर सारख्याच अंतरावर बसवलेली असतात. म्हणून बसलेला माणूस पाळण्यात बसल्यासारखा सरळच राहतो आणि गोल फिरतो. कीटनला हे नक्की ठाऊक होतं, त्यावरच तो प्रसंग उभा आहे. धोका वेगळा आहे. थांबलेल्या इंजिनाला वाफ जरा जास्त मिळाली तर चाकं रुळावर पकड घेण्याआधी जागच्या जागी गरगर फिरतात. तसं झालं असतं तर दांड्याने त्याला क्षणात भिरकावून दिलं असतं. म्हणजे वाफ सोडणाऱ्याच्या हातात त्याचा जीव होता. ही गोष्ट मुलांना इंजिनापाशी उभं राहून सांगा, घरात बसून तिचा अंदाज येत नाही.

पूल कोसळतो ते दृश्य २३ जुलै १९२६ ला ओरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ रो नदीवर घेतलं. खरं इंजिन, खरा लाकडी पूल, एकदाच. छोटी प्रतिकृती वापरली नाही. खर्च ४२,००० डॉलरच्या आसपास सांगितला जातो. इंजिन नदीतच पडून राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात गेलं.

एक सावधगिरी. नायक अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा आहे, म्हणजे गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूचा. मूळ घटना, म्हणजे उत्तरेच्या माणसांनी दक्षिणेची आगगाडी पळवली ती, १२ एप्रिल १८६२ ची, आणि ती लिहून ठेवली उत्तरेच्या एका सैनिकाने. कीटनने बाजू उलटवली. आधी दोन वाक्यांत हे सांगा, नाहीतर मुलं चुकीचा इतिहास घेऊन घरी जातील. ‘कॉलेज’ (१९२७) आणि ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) लावायचे असतील तर स्वतः आधी बघून घ्या, दोन्हींत काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची नक्कल केलेली आहे.

धरमपेठकर
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. “बोलपट आले आणि कीटन संपला” हे वाक्य काढून टाका, ते चूक आहे. त्याचे सुरुवातीचे बोलपट चालले होते. त्याच्या हातून गेलं ते कामावरचं नियंत्रण, आणि तेही आवाज येण्याआधीच.

क्रम असा सांगा. जन्म १८९५, पिक्वा, कान्सास. आईवडील व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या विविध-करमणुकीच्या खेळांत. अगदी लहानपणापासून तोही रंगमंचावर. वडील त्याला उचलून फेकायचे, पकडायला सोपं जावं म्हणून कपड्याला बॅगेची मूठ शिवलेली असायची. पडायचं कसं हे तो तिथे शिकला. आणि पडल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, हेही तिथेच. हुदिनी या प्रसिद्ध जादूगाराने त्याला ‘बस्टर’ नाव दिलं ही कथा कीटन कुटुंबच सांगायचं. ती पक्की माहिती म्हणून फलकावर लिहू नका.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलशी भेट, ‘द बुचर बॉय’ हा पहिला चित्रपट. या काळात कीटन पडद्यावर चक्क हसतो, ‘कोनी आयलंड’मध्ये दिसेल. दगडी चेहरा नंतर पक्का झाला. मधे सैन्यात, फ्रान्समध्ये, तिथे कान दुखावला तो कायमचाच. १९२० पासून निर्माता जोसेफ शेंकच्या छत्राखाली स्वतःची तुकडी. तीच माणसं चित्रपटामागून चित्रपट करायची, पटकथा पूर्ण लिहिलेली नसायची, सुरुवात आणि शेवट ठरला की मधलं सेटवर घडायचं. एखादी कल्पना जमली नाही तर काम थांबवून विचार करायचा. ‘शेरलॉक ज्युनियर’ते ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ पर्यंतचं सगळं यातून निघालं.

१९२८ मध्ये तो एमजीएम या मोठ्या चित्रपट कंपनीत गेला. चॅप्लिन आणि दुसरा विनोदी नट हॅरल्ड लॉइड दोघांनी जाऊ नको म्हटलं होतं. तिथे पटकथा आधी मंजूर करायची, खर्चाचा तक्ता आधी, सेटवर बदल नाही, जुनी तुकडी हळूहळू विखुरली. ‘द कॅमेरामन’ (१९२८) अजून छान आहे, ‘स्पाइट मॅरेज’ (१९२९) हा शेवटचा मूकपट. पुढे दारू, १९३२ मध्ये घटस्फोट, १९३३ मध्ये कंपनीने काढून टाकलं. नंतर त्याच कंपनीत पडद्यामागे इतरांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवायचं काम. १९४० मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न, तिथून आयुष्य सावरलं. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०), चॅप्लिनसोबत ‘लाइमलाइट’ (१९५२), १९६० मध्ये मानद ऑस्कर. त्याच्या जुन्या बंगल्यात पुढे अभिनेता जेम्स मेसन राहायला आला, तेव्हा तिथे जुनी रिळं सापडली, आणि हरवल्यासारख्या झालेल्या काही चित्रपटांना पुन्हा प्रेक्षक मिळाले. मृत्यू १ फेब्रुवारी १९६६.

दहा मिनिटं असतील तर त्यातली पाच शेंकच्या काळाला द्या. दारूवर वेळ घालवू नका.

संत्रानगरी
खूप आभार. ‘स्टीमबोट बिल’मधलं घर पडतं ते मुलांना दाखवणारच आहोत. ते खरं होतं ना? आणि हक्क, संगीत, पाट्यांचं मराठी यांचं काय करावं? एका मुलाला कीटनसारखी टोपी घालून दारात उभं करायचा विचार आहे, ती कशी बनवायची?

रीळवाला
खरं होतं. समोरची भिंत सुमारे दोन टनांची, आणि वरच्या खिडकीच्या रिकाम्या जागेतून कीटन वाचतो. खांद्यांना, डोक्याला आणि टाचांना प्रत्येकी दोन इंच मोकळीक ठेवली होती. आधी भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा ठेवून खिडकीची जागा ठरवली, टाचांच्या जागी मोठे खिळे ठोकले, मग सांगाडा उभा करून भिंत पूर्ण बांधली. वारा निर्माण करायला लिबर्टी जातीच्या विमानाच्या इंजिनांचे सहा पंखे होते. पण त्यातला झोत पडत्या भिंतीवर येऊ द्यायचा नव्हता, कारण भिंत जराशी पिळली असती तर ठरल्या जागी पडली नसती. हीच युक्ती आधी ‘बॅकस्टेज’ (१९१९) आणि ‘वन वीक’मध्ये हलक्या भिंतीवर करून झाली होती. तिन्ही तुकडे सलग दाखवले तर मुलांना एकाच कल्पनेची वाढ दिसेल.

‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये मात्र अंदाज चुकला. पाण्याच्या टाकीच्या नळीला लटकून तो खाली येतो, तेव्हा पाण्याचा लोट वाटला त्याहून जोरात आला आणि मान रुळावर आपटली. काही दिवस डोकं दुखलं एवढंच. मानेचं हाड मोडलं होतं हे बऱ्याच वर्षांनी एक्स-रेत कळलं. ते दृश्य चित्रपटात तसंच आहे.

हक्कांचं असं: आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, त्यामुळे मूळ मूकपट मोकळे आहेत. पण नव्या दुरुस्त प्रतीवरचं संगीत नवं असतं आणि त्याचे हक्क वेगळे. त्यामुळे आवाज बंद करून इथले वादक बसवणं उत्तम. सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, त्याची विचारणा महिनाभर आधी करा.

वादकांना एकच सांगा: प्रत्येक पडण्यावर थाप नको. तबल्यावर साधा ठेका धरा, लय गाडीच्या वेगाबरोबर वाढवा, आणि भिंत पडताना पूर्ण थांबा. हार्मोनियमला दांड्याच्या प्रसंगात जागा द्या.

धरमपेठकर
पाट्यांसाठी निवेदक ठेवा. कीटन पाट्या कमी वापरायचा. इतरांच्या चित्रपटात २४० च्या आसपास असायच्या, आपल्या चित्रपटात जास्तीत जास्त ५६, असं तो स्वतः सांगायचा. त्यामुळे काम अवघड नाही. प्रत्येक पाटीची वेळ मिनिट-सेकंदात लिहून काढा, मराठी वाक्य दहा-बारा शब्दांच्या आत ठेवा, आणि पाटी जायच्या आत वाचून संपवा. पुढच्या दृश्यावर आवाज गेला तर विनोद मरतो. व्यक्तींची नावं मराठी करू नका, जॉनीला जॉनीच राहू द्या.

टोपीची कृती कीटनचीच आहे. तो चांगली फेल्टची (दाबून केलेल्या जाड कापडाची) टोपी घेऊन तिचा माथा कापून बसका करायचा. कड ताठ करायला कपभर कोमट पाण्यात तीन शिगोशीग चमचे साखर विरघळवायची. हे पाणी कडेला वरून आणि खालून लावायचं, स्वच्छ कडक पृष्ठभागावर कड सपाट दाबायची आणि वाळू द्यायची. फेल्ट लोकरीचं घ्या, कागदासारखं पातळ कृत्रिम फेल्ट साखर धरत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवेत दमटपणा उरलेला असतो, साखर ओल ओढते आणि कड पुन्हा लुळी पडते. म्हणून दोन दिवस आधी करून उन्हात पूर्ण वाळवा, आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मुंग्या लागतील.