शब्दचर्चा : आत्महत्या, जीव देणे आणि ‘देवानं न्यावं’

प्रश्न : ‘आत्महत्या केली’ऐवजी ‘आत्महत्येने मृत्यू’ लिहा, असं हल्ली सांगतात. मराठीत हे कानाला खटकतं. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : खटकतं खरं. पण माझ्या मते खरी अडचण ‘केली’ची नाही, ‘हत्ये’ची आहे. हत्या म्हटलं की गोहत्या, ब्रह्महत्या, भ्रूणहत्या अशी पातकांची रांग उभी राहते. गेलेला मुलगा त्या रांगेत जाऊन बसतो आणि तो शब्द त्याच्या आईला जन्मभर ऐकावा लागतो. कायद्यानंही तेच केलं होतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९नं अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवलं. तो तीव्र ताणाखाली होता असं मानून चाला, हे सांगायला २०१७चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला.

हा सल आपल्यापुरता नाही. जपानीत रूढ शब्द ‘जिसात्सु’. त्यातला ‘सात्सु’ म्हणजे ठार मारणं. मागे राहिलेल्या कुटुंबांनी ‘जिशि’चा आग्रह धरला. त्यात ‘शि’ म्हणजे नुसता मृत्यू. शिमाने प्रांतानं २०१३मध्ये तो सरकारी कागदपत्रांत घेतला. जर्मनांच्या ‘झेल्ब्स्टमोर्ड’मध्ये तर सरळ ‘खून’च आहे. त्याला पर्याय म्हणून ‘फ्रायटोड’, म्हणजे स्वेच्छेचा मृत्यू, असा शब्द निघाला. त्यावर तिथल्या डॉक्टरांचा आक्षेप मला पटतो : नैराश्यानं घेरलेल्या माणसाची इच्छा मोकळी असते कुठे?

आपल्याकडे आत्मार्पण, प्रायोपवेशन (अन्नत्याग करून मरण पत्करणं), संथारा (जैनांमधलं तसंच व्रत) हे शब्द वेगळ्या, धर्माच्या घरातले. संथारा म्हणजे आत्महत्याच, असं राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५मध्ये म्हटलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. बातमीत हे शब्द उसने आणू नयेत, मरणाला उगाच तेज चढतं.

मी ‘जीव दिला’ लिहिते. त्यात गुन्हा नाही, पातक नाही, आणि तो घराघरातला आहे. ‘जिवाचं बरंवाईट केलं’ मात्र टाळते. त्यात सगळं झाकलं जातं.

पुढची शंका : मानसिक आरोग्य तपासणाऱ्या परदेशी प्रश्नावल्या मराठीत आणताना काय करतात?

उत्तर : तिथंच घोळ होतो. ‘मेलेलं बरं असं वाटतं का?’ या प्रश्नाला आपल्याकडची म्हातारी माणसं सहज ‘हो’ म्हणतात. ‘देवानं आता न्यावं’, ‘जीव नकोसा झाला’ हे गुडघे दुखले तरी म्हणायचं बोलणं. तो ‘हो’ जसाच्या तसा मोजला तर अर्धा गाव धोक्यात दिसेल. आणि बोलायची पद्धतच आहे म्हणून सोडून दिला, तर खरा धोका निसटेल.

अशाच एका कामात मी एका आजींसमोर बसले होते. त्या मेथी निवडत होत्या. माझ्या प्रश्नावर हसून म्हणाल्या, “न्यावं की आता देवानं.” मी कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, “आजी, आपणच जीव द्यावा, असं कधी मनात येतं का?” असं थेट विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनात वारंवार दिसलंय, तरी माझी जीभ अडखळली. आजींचा हात थांबला. काडी पानांच्या ढिगातच पडली.

“श्रावणात आलं होतं,” त्या म्हणाल्या. “कुणी विचारलं नव्हतं.”

त्यांच्या संमतीनं सुनेला आत बोलावलं, त्याच दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.