पार्वतीच्या घराचे कागद

"इतकी वर्षं मुंबईत राहून पार्वतीकडे घराचा एक कागद नाही, हे पटत नाही," असं 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या पायल कपाडियांच्या सिनेमाबद्दल कोणीतरी लिहिलंय. पहिला भाग संथ आहे हे मलाही जाणवलं, पण त्यातली ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी वाटली. छाया कदमची पार्वती ही गिरणी कामगाराची विधवा आहे, आणि कागद नसल्यामुळे बिल्डर तिला घराबाहेर काढू पाहतो. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या वस्तीत, गिरण्या कशा बंद पडल्या आणि कामगारांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझी मावशी लालबागच्या चाळीत राहायची. काका गिरणीत. भाडेपावती त्यांच्या नावावर, आणि ते गेल्यावर ती मावशीच्या नावावर करून घ्यायचं कोणाला सुचलंच नाही. चाळ पाडायची वेळ आली तेव्हा बिल्डरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "तुमचं नाव कुठंय?" रेशनकार्ड, लाइटबिलं, काकांचा गिरणीचा पास असं सगळं पिशवीत घेऊन ती दोन वर्षं फिरली. पार्वती रत्नागिरीला परत निघते तेव्हा मला मावशीची ती पिशवीच आठवत होती. थिएटरमध्ये रडू आवरलं नाही.