नव्या मुख्याध्यापिकेने काय वाचावं? सुचवा

पाटीपेन्सिल:
पुढच्या सत्रापासून शाळेची जबाबदारी माझ्याकडे येते आहे. वर्गात शिकवण्याचा अनुभव भरपूर आहे, पण सहकाऱ्यांचं शिकवणं सुधारायला मदत कशी करायची, हे कुणी शिकवलं नाही. स्फूर्तिदायक भाषणांसारखी पुस्तकं नकोत. रात्री अर्धा तास मिळतो, तेवढ्यात पचेल असं सांगा.

निवृत्त_सर:
ताई, अभिनंदन! सुरुवात व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या शोधनिबंधाने करा. मुख्याध्यापकाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो, हे त्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून तपासलं. सर्वांत वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं: परिणाममान (परिणाम किती मोठा, हे सांगणारा आकडा) ०.८४. शिस्तबद्ध, सुरक्षित वातावरण राखणं ०.२७. पहिला आकडा मोजक्याच अभ्यासांवर उभा आहे, म्हणून त्याला चिकटून बसू नका. पण प्रशिक्षणाला शिक्षकांना पाठवून आपण कार्यालयात फायली बघणं थांबवावं, एवढं तरी त्यातून नक्की निघतं. मला तर हाच मुख्याध्यापकाच्या कामाचा गाभा वाटतो.

वहीतली_नोंद:
हॅटी यांचं 'व्हिजिबल लर्निंग' (२००९) राहिलं की! ८००हून अधिक महाविश्लेषणांचा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणांचा, गोषवारा आहे.

निवृत्त_सर:
संदर्भाला जवळ ठेवायला हरकत नाही. पण त्यातल्या क्रमवारीवरून शाळेचा आराखडा आखू नये. वेगवेगळ्या वयाची मुलं, वेगवेगळ्या चाचण्या, सगळ्यांची सरासरी एकाच तक्त्यात बसवली आहे. संशोधकांनी त्यावर रास्त आक्षेप घेतले आहेत.

मधली_सुट्टी:
माझं मत ब्रिक आणि श्नायडर यांच्या 'ट्रस्ट इन स्कूल्स'ला (२००२). शिकागोच्या शाळांचा अभ्यास आहे. आदर, आपुलकी, कामातली क्षमता आणि सचोटी या चार गोष्टींवरून शाळेतली माणसं एकमेकांना जोखतात, अशी मांडणी आहे. शिक्षकांचा विश्वास नसेल तर तुम्ही वर्गात मागे जाऊन बसलात की ती तपासणीच वाटते, मग हातात कितीही चांगला निबंध असो. म्हणून मी हे रॉबिन्सनच्याही आधी वाचायला सांगेन. पुस्तक जड आहे. विश्वासाच्या संकल्पनेचं प्रकरण आणि शाळांची उदाहरणं वाचली तरी पुरे.

पाटीपेन्सिल:
सर्वांचे मनापासून आभार. शिक्षकांसोबत बसून वाचता येईल असं छोटं काही आहे का?

मधली_सुट्टी:
आहे ना! ब्लॅक आणि विल्यम यांची 'इनसाइड द ब्लॅक बॉक्स' (१९९८). छोटीशी पुस्तिका आहे, तिचा विषय म्हणजे शिकवता शिकवता होणारं मूल्यमापन. एका बैठकीला एकच भाग घ्या. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात वर्गात करून बघायची एक गोष्ट ठरवावी, तुम्हीसुद्धा. त्यासाठी एखादा तास स्वतःकडे ठेवा आणि पुढच्या बैठकीत तुमचा अनुभव आधी सांगा.